छपरावरचं पान

माळ्यावर कोणीतरी राहायला आलंय, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. त्याचं कारण एवढंच, की त्या उन्हाळ्यात माझी खोली काढून पाहुणी आलेल्या मंजूताईला दिली होती आणि मला माळ्याच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत हलवलं होतं. तिथे इस्त्रीचं टेबल, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, बाबांचे बर्फातले बूट आणि मी असे आम्ही राहत होतो. पहाटे डोक्यावर पावलं वाजायची. उंदरांची नव्हेत, उंदीर नेहमी घाईत असतात. हे पाऊल सावकाश होतं, घर आपल्या नावावर असल्यासारखं. मधेच काहीतरी ओढल्याचा आवाज, मग थांबणं, मग परत चार पावलं. मी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "जुनं घर आहे, लाकूड वाजतं." दोन दिवसांनी मंजूताईनं तेच सांगितलं, तर बाबा चहा अर्धा टाकून टॉर्च घेऊन वर गेले.

घर गावाच्या टोकाला होतं. फ्रँकफर्टहून एस-बानचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, शेवटचं स्टेशन, तिथून बस, आणि बसथांब्यापासून चढ. बाबा मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. शहरात जागा मिळेना म्हणून ते 'तात्पुरते' इथे आले होते आणि त्या तात्पुरत्यात मी पहिलीतून सातवीत गेले. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात घरमालक हेर क्लाइन, म्हणजे क्लाइनसाहेब, एकटेच राहत. सत्तरीचे गृहस्थ, अंगात बारा महिने हिरवं जाकीट, शिकारीचं लायसन्स, बायको गेलेली, आणि अंगणातल्या प्लमच्या झाडांवर पोटच्या पोरांसारखी माया. मागच्या बाजूला एक अक्रोडाचं झाड, त्याखाली अवजारांची बुटकी शेड, शेडला लागून पावसाच्या पाण्याचं पिंप. पुढे जे काही घडलं ते मागच्या दारापासून त्या पिंपापर्यंतच्या पंधरा पावलांत घडलं.

बाबा माळ्यावरून खाली आले ते डोक्याला जळमटं लावून. "वाश्बेअर," ते म्हणाले. "कौलांखाली थंडीसाठी भरलेला सगळा कापूस उपसून गादी केलीय त्यानं." याला मराठीत काय म्हणतात ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून आईनं 'उदमांजर' असं ठरवून टाकलं आणि विषय मिटवला. मांजरापेक्षा ते थोराड होतं. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीवर काळी वलयं, आणि पुढचे पाय तर पाय नव्हतेच, हात होते. पाच बोटांचे, चाचपून बघणारे. खाणं तोंडात घालण्याआधी पाण्यात बुचकळायची त्याला खोड असते, म्हणून जर्मन लोक त्याला 'धुणारं अस्वल' म्हणतात. आता इकडे ते गल्लोगल्ली झालेत, पण तेव्हा आमच्या गावात नवे होते आणि हेर क्लाइन यांनी त्यांच्याशी युद्धच मांडलं होतं. ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्याला, म्हणजे बिओटोनला, त्यांनी आधी दगड ठेवला, मग दोरी बांधली, मग सायकलचा पट्टा आवळला. सकाळी पट्टा सुटलेला आणि आमच्या कांद्याच्या साली अंगणभर. "आल्झो, फ्राऊ साने," म्हणजे 'तर मग, सानेबाई,' असं ते खिडकीतून म्हणायचे, आणि आई मला हाक मारायची.

कारण आईचं जर्मन दुकानापुरतं होतं. शाळेची पत्रं, दाताचा डॉक्टर, हेर क्लाइन, सगळीकडे दुभाषी मी. मला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर मी जर्मनमध्येच द्यायचे, आईला पेलेल इतक्या सोप्या. आई एका भाषेत, मी दुसऱ्या, आणि आमचं बरं चाललं होतं असं मला वाटायचं. हे जे मराठी मी आज लिहिते आहे ते पुष्कळ नंतर, मोठेपणी, घाम गाळून कमावलेलं आहे. तेव्हा माझ्या मराठीत क्रियापदं कुठेही बसायची आणि बाबा हसायचे, म्हणून मी बोलतच नसे. पण दुभाषेपण ही माझी गादी होती. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, अशा ताठ्यात मी वावरायचे.

आणि मग मंजूताई आली. मंजूताई म्हणजे माझ्या मोठ्या मावशीची मुलगी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. फ्रँकफर्टच्या एका संस्थेत पीएचडीला आली आणि जागा मिळेपर्यंत दोन आठवडे राहणार होती. जागा म्हणजे त्या शहरात काय चीज असते ते ज्यानं शोधली त्यालाच ठाऊक. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. ती वाईट असती तर फार बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. आल्या आल्या ओट्याशी उभी राहिली आणि आईच्या हातातलं लाटणं न विचारता घेतलं. दोघी बोलायच्या ते आजूबाजूचं भान सोडून. कोणत्या आत्याचं लग्न मोडलं, शनिपाराजवळचा कोणता शिंपी वारला, अण्णांनी रिक्षावाल्याला काय सुनावलं. आई हसायची. आईला डोळे पुसत, भिंतीला टेकून हसता येतं हे मला तेरा वर्षांत माहीत नव्हतं. ते हसू तिनं इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं आणि माझ्यासाठी का काढलं नव्हतं, याचा मला इतका राग आला की मी जेवणाच्या टेबलावरून उठून गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळ्यांत जिव्हारी लागली ती बेरी. आई महिन्यातून एकदा लोणी आणून तूप कढवायची आणि भांड्याच्या तळाशी उरलेली तपकिरी बेरी साखर घालून मला द्यायची. त्या पातेल्यावर माझा जन्मसिद्ध हक्क होता. त्या रविवारी मी चमचा घेऊन आले, तर पातेलं मंजूताईच्या मांडीवर. "अगं, ये ना, दोघी खाऊ," ती म्हणाली. आईनं वर म्हटलं, "तिला कुठे मिळणार आता घरची बेरी? तू तर नेहमीच खातेस." मी जर्मनमध्ये म्हणाले, मला भूक नाही. खोलीत जाऊन रिकाम्या बरण्यांशेजारी बसले आणि माळ्यावरच्या त्या चोराची पावलं ऐकत राहिले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे या घरात दोन झाले होते, आणि लोक फक्त एकाच्याच मागे लागले होते.

अण्णा म्हणजे आईचे वडील. मंजूताई येण्याच्या महिनाभर आधी ते पुण्यात वारले. आईचा पासपोर्ट तेव्हा व्हिसा वाढवण्यासाठी ऑफिसात जमा होता आणि तो हातात येईपर्यंत तिकडे तेरावाही होऊन गेला होता. आई रडली नाही. चार दिवस तिनं घरातले सगळे पडदे धुतले, इस्त्री केले, लावले आणि परत काढून धुतले. माझे अण्णा फोनवरचे होते. "काय गं रेवा, आज तरी मराठीत बोलणार का?" असं ते दर रविवारी विचारायचे आणि मी "गूट, अण्णा", म्हणजे 'छान', एवढंच म्हणून फोन आईकडे द्यायचे. मंजूताई मात्र शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी होती. त्यांनी काय मागितलं, पेज किती घोट घेतली, शेवटी डोळे कुठल्या बाजूला वळवले, हे सगळं आई तिला पुन्हा पुन्हा विचारायची. आईचं दुःखसुद्धा तिच्याकडे होतं. त्यातला एक घोट मला मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर मी मागितलाही नाही. मागायचा तर मराठीत मागावा लागला असता.

पितृपंधरवडा लागला. "श्राद्ध दादा करील तिकडे," आई तिच्या पुण्यातल्या भावाबद्दल म्हणाली, "मी नुसतं पान ठेवीन." पहिल्याच दिवशी शनिवार होता. सकाळपासून घरात उडदाच्या वड्यांचा वास, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. केळीचं पान कुठून येणार, म्हणून तिनं कोबीचं बाहेरचं मोठं पान धुऊन घेतलं, त्यावर सगळं थोडं थोडं वाढलं आणि शेडच्या उतरत्या छपरावर ठेवलं. मला नियम सांगितले. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही. बघत उभं राहायचं नाही, पाठ फिरवायची; माणसं टक लावून बसली तर तो येत नाही. आणि आलाच नाही, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय असं समजायचं, ती ओळखायची आणि शब्द द्यायचा.

आमच्या गावात कावळे भरपूर होते. पण ते बिटाच्या शेतात बसून असायचे आणि त्यांना अण्णांशी काही देणंघेणं नव्हतं. एक वाजला, तीन वाजले. पोटात कावळे ओरडत होते, छपरावर एकही नव्हता. पाच वाजता बाबांनी हात जोडले. "अण्णा, पुढच्या मे महिन्यात हिला नक्की घेऊन येतो." काही नाही. "हॉटेलात नाही, घरीच राहू," बाबांनी दुरुस्ती केली. तरी काही नाही. आईचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "रेवा, तू बोल. तुझ्यावर जीव होता त्यांचा." मी शेडकडे तोंड करून उभी राहिले. दिवसभर मनात जुळवलेलं वाक्य होतं. "अण्णा, मी आईशी मराठीत बोलेन." चुकलं नाही. बाबाही हसले नाहीत. आम्ही पाठ फिरवली आणि वाट पाहिली. अर्ध्या तासानं वळून बघितलं तर पान तसंच, खिरीवर साय धरलेली.

अंधारून यायला लागलं तेव्हा मंजूताई पुढे झाली. तिनं पदर नसताना ओढणी डोक्यावर घेतली. "अण्णा, मावशीची काळजी करू नका. ती इथे एकटी नाही. मी आहे." सगळ्यांनी पाठ फिरवली. मी अर्धीच फिरवली. एकटी नाही, मी आहे? मग मी कोण होते? इतकी वर्षं त्या घरात काय इस्त्रीचं टेबल होते? त्या संतापात मी खांद्यावरून मागे पाहिलं, आणि अक्रोडाच्या फांदीवरून एक हात खाली येताना मला दिसला. काळा, पाच बोटांचा. त्यानं वडा उचलला, पिंपातल्या पाण्यात बुचकळला, तो भिजून फुटला तसा आश्चर्यानं दुसरा उचलला. मग छपरावर येऊन बसला आणि खीर हातानं ओरपून चाटून पुसून खाल्ली. जाताना कोबीचं पानही घेऊन गेला. 

आई वळली. रिकामं छप्पर बघून तिनं तोंडावर हात ठेवला आणि मग इतक्या महिन्यांचं जे काही साठलं होतं ते सगळं मंजूताईच्या खांद्यावर रडली. बाबा हळूच म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला..." आणि आईनं बघितलं तसे गप्प झाले. जेवायला बसलो. आईनं खिरीची पहिली वाटी मंजूताईपुढे ठेवली.

मी तेव्हाच का सांगितलं नाही? पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं, की आईचं मन मोडू नये म्हणून. धादांत खोटं आहे ते. मी सांगितलं नाही कारण हे हत्यार होतं, आणि हत्यार कोणी पहिल्या दिवशी वापरत नाही. शिवाय मला खोलवर कुठेतरी असंही वाटत होतं, की मंजूताईच्या शब्दाला निदान अस्वल तरी आलं. माझ्या शब्दाला कोणी नाही आलं. अण्णांनी माझं मराठी नाकारलं, असा मी निकाल लावला. मग मीही त्या शब्दाला बांधील नव्हते. त्या दिवसापासून मी आईशी मराठीतलं 'हो' आणि 'नको'सुद्धा बोलणं बंद केलं.

आईनं मात्र पंधरवडाभर रोज पान ठेवायचं ठरवलं, आणि तेही संध्याकाळी. "इथल्या कावळ्यांची वेळ वेगळी आहे," ती फोनवर पुण्याला ठणकावून सांगत होती. रोज मंजूताईनं उभं राहून "मी आहे, अण्णा" म्हणायचं, रोज पाठी फिरायच्या, रोज पान गुल. इतक्या नेमानं जेवण मिळत असल्यावर कोण जाईल? एकाऐवजी तिघांची पावलं वाजायला लागली. माळ्यावर दंगा, प्लम खाली पडण्याआधी फस्त, अंगणातलं गवत खणून काढलेलं. हेर क्लाइन एके दिवशी दारातच आले. "कोणीतरी त्यांना खायला घालतंय," ते म्हणाले. "विचार तुझ्या आईला." मी विचारलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, आम्ही कुठल्याही जनावराला काही घालत नाही. आम्ही तर फक्त कावळ्याला ठेवतो." मी पहिल्या वाक्याचं भाषांतर केलं आणि दुसरं गिळलं. त्यांनी मान हलवली. "मग पिंजरा लावावा लागेल. अंडी ठेवून बघतो."

"अंडी नको," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या डब्यातले दोन वडे फॉईलमध्ये गुंडाळून त्यांना नेऊन दिले. त्यांनी वास घेतला, भुवया उंचावल्या, काही विचारलं नाही. पिंजरा लाकडी होता, एका बाजूला जाळी, वरून पडणारं दार. तो शेडच्या मागे, आईला दिसणार नाही असा ठेवायला मीच सुचवलं. त्या रात्री अडगळीच्या खोलीत मी एक मराठी वाक्य घोकत पडले होते. क्रियापद नव्हतंच त्यात, त्यामुळे चुकायची भीती नव्हती.

सकाळी हेर क्लाइन पिंजरा बघायला यायच्या आत मी मागे जाऊन आले होते. मी आईला हाताला धरून बाहेर नेलं. मंजूताई दात घासत मागून आली. शेडमागे पिंजऱ्यात ते जनावर कोपऱ्याला लागून बसलं होतं. मिशांना वड्याचा चुरा, आणि एक हात जाळीतून बाहेर, बोटं मोकळी सोडलेली. मी मागे सरकले आणि म्हणाले, "हा मंजूताईचा कावळा."

आईला कळायला थोडा वेळ लागला. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं, मग छपराकडे, मग अक्रोडाच्या फांदीकडे. चेहऱ्यावर काहीच आलं नाही, आणि तेच मला सोसवेना. मला वाटलं होतं ती मंजूताईकडे रागानं बघेल. ती माझ्याकडे बघत होती. "कधीपासून माहीत होतं तुला?" मी जर्मनमध्ये म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मंजूताईच्या ओठांना पेस्टचा फेस होता. "मावशी, खरंच मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मला तरी सांगायचंस, रेवा. मी मावशीला समजावून सांगितलं असतं." म्हणजे तेही तीच करणार होती! इतका तिळपापड झाला माझा, की हेर क्लाइन मागे येऊन उभे आहेत हे मला कळलंच नाही.

त्यांच्या खांद्याला बंदूक होती. ती बघून आई एकदम पिंजऱ्यापुढे झाली. "काय करणार आहेत हे? विचार." मी विचारलं. ते म्हणाले, पकडलेला वाश्बेअर परत सोडायची परवानगी नाही, जंगलाच्या कडेला नेऊन गोळी घालावी लागते. मंजूताईचं काम इंग्रजीत चालायचं, तिला यातलं काही कळलं नाही. दुभाषेपणाची ती गादी अजून माझीच होती. मला आईच्या डोळ्यांत बघून, मराठीत, सांगावं लागलं, कारण जर्मनमध्ये सांगून ते तिला कळलं नसतं. "सोडता नाही येत. मारणार."

"त्यांना सांग," आई म्हणाली, "हा माझ्या वडिलांच्या पानावर जेवलाय. बारा दिवस. माझ्या दारात जेवलेल्याला मारू नका म्हणावं."

मी कसंबसं सांगितलं: यानं माझ्या मेलेल्या आजोबांचं जेवण खाल्लं आहे. हेर क्लाइन यांनी आधी माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं आणि टोपी काढली. "माझी बायको गेली," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा मीही महिनाभर दोन कप कॉफी करत होतो." मग टोपी परत घातली. "पण कायदा आहे. आणि माळ्याचं छत माझं आहे. माफ करा, फ्राऊ साने." आईनं "बिट्टे, हेर क्लाइन, बिट्टे" अशी दोनदा विनवणी केली, तिला येत होतं तेवढ्या जर्मनमध्ये. त्यांनी पिंजरा जरा कलता केला, खालून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मादी आहे. या वर्षी पाजलेलं दिसतंय. पिल्लं असतील, पण आता मोठी झाली असतील. जगतील."

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"म्हणाले, लवकर होईल," मी सांगितलं. "दुखणार नाही."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत सफाईदार मराठी भाषांतर. त्यांनी पिंजऱ्यावर पोतं टाकलं, गाडीच्या मागच्या ट्रॉलीत ठेवलं आणि गेले. गोळीचा आवाज आम्हाला आला नाही. चर्चची घंटा तेवढी वाजली. त्या दिवशी आणि पुढच्याही दिवशी आईनं पान ठेवलं नाही. मला रागावलीही नाही. मला दूध दिलं, शाळेचा डबा दिला, आणि तिच्या त्या गप्प राहण्यात मला पहिल्यांदा कळलं, की तिचं मराठी बोलणं माझ्या कानाला किती लागतं. उत्तर देत नव्हते तरी ते दिवसभर माझ्यासाठी चालू असायचं. आता ते बंद होतं, आणि त्यात मंजूताईचा काहीही हात नव्हता.

सर्वपित्रीला आईनं परत स्वयंपाक केला. शेवटचा दिवस सोडवेना तिला. तिन्हीसांजेला तिनं कोबीचं पान उचललं, तेव्हा मंजूताई ओढणी न घेता ओट्यापाशीच थांबली. "मावशी, तुम्ही दोघी जा. मी आत पानं घेते." बाबांना तिनं ताटं पुसायला लावलं. तिचा तो समजूतदारपणा मला तेव्हा झेपला नाही. आज मी तिला दर दिवाळीला फोन करते आणि हे कधीच बोलत नाही. एकदा तरी बोलायला हवं होतं.

आईनं पान छपरावर ठेवलं. आम्ही मागच्या पायरीवर उभ्या राहिलो. बिटाच्या शेतातले कावळे उडून गेले. बराच वेळ काही हललं नाही. मग अक्रोडाच्या फांदीवर दोन डोकी दिसली, एकाच मापाची, एकमेकांना चिकटलेली. काळ्या पट्टीतले डोळे पानावर, पण खाली उतरेनात. दोघंही सारखी मागे वळून बघत होती, कोणीतरी आधी पुढे व्हावं म्हणून.

"दोनच?" आई म्हणाली. "आणि ही तर लहान आहेत." मग थांबली. "तो जो गेला, ती यांची आई होती?"

"हो."

"हेर क्लाइन तेव्हा तेच सांगत होते?"

"हो."

"तू मला सांगितलं नाहीस."

"नाही," मी म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू मला..." पुढचं क्रियापद मला सापडेना. आई थांबली. जर्मनमध्ये सांग, असं म्हणाली नाही, मंजूताईला हाक मारली नाही, नुसती थांबली. "तू मला आवडेनाशी झाली असतीस," मी शेवटी म्हणाले. ते चुकलं होतं, उलटं झालं होतं, आणि मला काय म्हणायचं होतं ते तिला बरोबर कळलं. मग मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं, बेरीपासून फॉईलमधल्या वड्यांपर्यंत, मोडक्यातोडक्या मराठीत, लिंगं वचनं कशीही टाकत. मला मंजूताईचा हेवा वाटतो हेही सांगितलं. हेवा हा शब्द मला येत नव्हता. मी म्हणाले, मंजूताई हसते तेव्हा माझं पोट दुखतं. आईनं मधे एकदाही दुरुस्त केलं नाही.

"झालं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "मग आता अण्णांना सांग. आधी दिलेला शब्द राहिलाय तुझा."

मी छपराकडे तोंड केलं. फांदीवरची दोघं माझ्याकडे बघत होती. "अण्णा," मी म्हणाले, "मी आईला सगळं सांगेन. वाईटसुद्धा. मराठीत."

आम्ही पाठ फिरवली. घरात मंजूताई वाट्या मांडत होती, त्यांचा आवाज येत होता. आईचा हात माझ्या मानेवर होता, पिठाचा, जरा खरखरीत. बऱ्याच वेळानं मागे कोबीचं पान सरकल्याचा आवाज झाला. मग पिंपातल्या पाण्याचा. मी मान वळवणार, तेवढ्यात आईनं हनुवटीला धरून माझं तोंड घराकडे केलं.

"बघायचं नसतं," ती म्हणाली. "चल, जेवायला बसू."